बाराशे गॉगल आणि एक कान

"टेढ़ा! ये भी टेढ़ा! और ये तो टेढ़ों का भी बाप है!"

दिल्लीहून आलेले एक व्यापारी आमच्या पॅकिंग हॉलच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. खोक्यातून गॉगल काढायचा, नाकावर चढवायचा, आरशात बघायचं, बोंब ठोकायची आणि टेबलावर आपटायचा, असा त्यांचा कार्यक्रम चालला होता. आवाज म्हणाल तर असा, की लखनौहून मलिहाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कारखाना आहे, आणि त्या वर्षी तिकडच्या बागांमधला उरलेला दशहरी आंबा एक आठवडा आधी पिकला तो याच आवाजामुळे, असं माझं ठाम मत आहे. झाडांनी धास्ती खाल्ली.

माल बाराशे गॉगलांचा. त्यातला एकेक पास करून डबीवर सही करणारा क्वालिटी इन-चार्ज मी. आणि माझ्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनचा तो शेवटचा आठवडा.

मी पुढे झालो. टेबलावरचा एक गॉगल उचलला, डोळ्यांवर चढवला आणि आरशात पाहिलं. काय सांगू तुम्हाला! सुताराने गुण्या लावून बसवावा तसा बसला होता. एका केसाचा फरक नाही.

"कहाँ टेढ़ा है?" मी छाती काढून विचारलं.

व्यापाऱ्यांनी तोच गॉगल माझ्या नाकावरून उचलला आणि स्वतःच्या नाकावर ठेवला. डावं भिंग भुवईच्या वर गेलं, उजवं गालावर उतरलं. होडी कलंडताना दिसते ना, तसा चेहरा.

"यहाँ," ते म्हणाले.

आता इथे मला थोडं मागे जाऊ द्या, नाहीतर त्या कलंडलेल्या गॉगलात माझं काय बुडत होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे ओतकामाच्या कारखान्यात साठ-साठ किलोची इंजिनाची धुडं तपासायचो. हातोडी मारायची, कान द्यायचा, आवाजावरून आत पोकळी आहे की नाही ते सांगायचं. माझी बायको रेल्वेत इंजिनिअर. तिची बदली लखनौला झाली, मानक नगरच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि मी नोकरी सोडून तिच्यामागे आलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लखनौमध्ये माझ्यासारख्या माणसाला लोक पळवून नेतील, अशी माझी समजूत होती.

कुणी पळवलं नाही. एक वर्ष मी घरी बसलो. बायको सकाळी साडेआठला ऑफिसला गेली की मी बाल्कनीत उभा राहून सगळ्या कॉलनीचे नवरे कामाला जाताना मोजायचो. गेटवरचा गार्ड तिला सलाम ठोकायचा आणि माझं आधार कार्ड मागायचा. रोज. संध्याकाळी बागेत कुणीतरी रिटायर्ड साहेब विचारायचे, "आप किस डिपार्टमेंट में हैं?" मी म्हणायचो, "मैं मैडम का हस्बैंड." ते फार आदराने "अच्छा, अच्छा" म्हणायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे नाहीत. हा जो न विचारलेला पुढचा प्रश्न होता ना, तो मला साठ किलोच्या धुडापेक्षा जड जायचा. हे एवढं एकच वाक्य मी या सगळ्या लिखाणात फुगवून सांगितलेलं नाही.

अशात ही गॉगलची नोकरी मिळाली. मालक अस्सल लखनवी. मुलाखतीची पहिली चाळीस मिनिटं मी चहा घेईन की सरबत, यावर गेली. मग म्हणाले, "आप छह महीने हमें आजमा लीजिए." मी घरी येऊन बायकोला सांगितलं की मी यांना सहा महिने आजमावणार आहे, बघू पटतात का. हेच माझं प्रोबेशन आहे हे कळायला मला पंधरा दिवस लागले. लखनौमध्ये कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. कोल्हापुरात आम्ही कुणाला प्रेमाने हाक मारली तरी शेजारी भांडण सोडवायला धावतात. माझी तयारी नव्हती, एवढंच.

गॉगल कारखान्यात येतो तेव्हा गॉगल नसतो, पाटी असतो. अ‍ॅसिटेट नावाचं एक जाड प्लास्टिक असतं, म्हणे कापसापासून करतात. त्याच्या पाट्या येतात. कुणी कासवाच्या पाठीसारखी ठिपक्यांची, कुणी मधासारखी, कुणी कोळशासारखी काळीभोर. मशीन त्यातून दोन खिडक्यांची चौकट कापून काढतं. ती इतकी खडबडीत आणि धारदार असते की मांजराने चावून टाकलेलं बिस्किट बरं. मग त्या चौकटी लाकडी पिंपात जातात. पिंपात लाकडाचे बारके तुकडे आणि पॉलिशची पूड घालायची आणि पिंप फिरत ठेवायचं, दोन-तीन दिवस. खळ्ळ-खळ्ळ, खळ्ळ-खळ्ळ. त्या आवाजाची इतकी सवय होते, की पिंपावरचा एक ऑपरेटर ईदच्या सुट्टीत गावी गेला तर त्याला झोपच येईना. शेवटी त्याच्या बायकोला पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे घालून उशाशी हलवत बसावं लागलं. मी पाहिलेलं नाही, पण सांगणारा माणूस शेंगदाणे खात-खात सांगत होता, त्यामुळे पुरावा होता.

पिंपातून चौकट निघते ती नवरदेवासारखी गुळगुळीत. मग बिजागऱ्या तापवून प्लास्टिकात रुतवायच्या. काड्या जोडायच्या, काडीला इथे सगळे डंडी म्हणतात. स्क्रू राजगिऱ्याएवढा. एकदा मला शिंक आली आणि अख्ख्या दिवसाचे स्क्रू उडाले, आम्ही चौघे गुडघ्यांवर रांगत होतो आणि मालक दारातून बघून "माशाल्लाह, कितनी मेहनत!" म्हणून निघून गेले. त्यानंतर कापडी चाकावर बफिंग. मग कढई. कढईत बारीक काचेचे मणी तापलेले असतात, फुटाणेवाल्याच्या वाळूसारखे. त्यात चौकट खुपसायची, मऊ झाली की भिंग अंगठ्याने आत दाबायचं. टक्! हा आवाज आला की समजावं, आता हा चष्मा जगाकडे बघायला लागला.

आणि सगळ्यात शेवटी गॉगल मास्टरजींकडे जायचा.

मास्टरजी साठीचे, पांढऱ्या दाढीचे, मलिहाबादहून सायकलने येणारे. काम एकच. डंडी तापवून अशी वाकवायची की गॉगल माणसाच्या तोंडावर सरळ बसावा. त्यासाठी त्यांच्यापुढे जाड काचेचा एक पाट असायचा. गॉगल पाटावर उलटा ठेवायचा आणि बोटाने दाबून बघायचा. चौकटीची दोन टोकं आणि डंड्यांची दोन, अशी चारही टेकली तर पास. एक जरी अधांतरी राहिलं तर गॉगल डुलतो आणि टकटक वाजतो. मला हा पाट फार आवडायचा. हातोडी आणि धुड यांच्यानंतर जगात मला समजणारी तीच एक गोष्ट उरली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांच्या कुणा बागवाल्या स्नेह्यांनी कारखान्याला दशहरीची पेटी भेट पाठवली. पेटी आणणाऱ्याने ती ठेवायला हॉलमधली सगळ्यात सपाट जागा शोधली. त्याची नजर चांगली होती. पाटाचे सात तुकडे झाले. आंब्यांना काही झालं नाही. आम्ही दुःखाने सगळे खाल्ले.

दिल्लीची ऑर्डर दुसऱ्या दिवशी मास्टरजींच्या टेबलावर चढायची होती. मालक म्हणाले, पाट कल ही मँगवाते हैं. लखनौमधला 'कल' हा फार प्रशस्त दिवस असतो. त्यात पुष्कळ महिने मावतात.

"पाट के बगैर भी हो जाएगा, हुजूर," मास्टरजी म्हणाले. "चश्मा कौन-सा मेज पहनेगी? आदमी ही पहनेगा. बस एक चेहरा चाहिए, सीधा चेहरा. पहला पीस उस पर बिठा लेंगे, बाकी सब उससे मिलाते जाएँगे." आणि त्यांनी पॅकिंगच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे खाला बसायच्या. पॅकिंगच्या प्रमुख, पन्नाशीच्या. सगळा कारखाना त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा आणि त्या सगळ्या कारखान्याला 'बेटा' म्हणायच्या, फक्त मला 'साहब'. "खाला का चेहरा तो साहुल है," मास्टरजी म्हणाले. साहुल म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. त्याच्या महिनाभर आधी मी हजरतगंजात एका चष्म्याच्या दुकानात सहज शिरलो होतो, आणि तिथला दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला होता, "भाईसाहब, आपका चेहरा तो चश्मे के लिए ही बना है." त्याने मागून आलेल्या बाईंनाही हेच सांगितलं, पण ते मी सोयीस्करपणे ऐकलं नाही. हे वाक्य मी बायकोला सांगितलं, गार्डला सांगितलं, बागेतल्या रिटायर्ड साहेबांना दोनदा सांगितलं.

तर मी खुर्ची ओढली, मास्टरजींसमोर बसलो आणि तोंड पुढे केलं. "लो. नाप लो."

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पिंपंसुद्धा थांबली असावीत असं मला वाटतं.

"हुजूर... आपका चेहरा?"

"क्यों? कुछ कमी है?"

"तौबा, तौबा! कमी कैसी!" मास्टरजींनी कानाला हात लावले. स्वतःच्या. "बल्कि कुछ ज्यादा ही है."

मी खूश झालो. मास्टरजींनी पहिला पीस माझ्या तोंडावर चढवला. मान तिरकी करून बघितलं. काढला. डावी डंडी तापवली, वाकवली, चढवला. पुन्हा काढला. पुन्हा डावी डंडी. वीस मिनिटं त्यांनी त्या एका डाव्या डंडीशी झुंज दिली, कपाळावर घाम आला, आणि मी मनात म्हणत होतो, कारागीर असावा तर असा! उजव्या डंडीला त्यांनी हातही लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, ती आधीच चांगली असेल.

तो पीस लाल दोरा बांधून खिळ्याला टांगला. तो नमुना. पुढचे बारा दिवस मास्टरजी आणि त्यांचे दोन जोडीदार त्या नमुन्याबरहुकूम डंड्या वाकवत राहिले, आणि दर शंभर पिसांमागे एक माझ्या तोंडावर चढवून बघत राहिले. दर वेळी गुण्यात! मी सही ठोकायचो. मधे एकदा खालांनी एक गॉगल स्वतः लावला, आरशात पाहिलं आणि फार नम्रपणे विचारलं, "साहब, ये नया फैशन है?"

"बिल्कुल नया!" मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि गॉगल डबीत घातला.

आता परत या हॉलमध्ये. दिल्लीचे व्यापारी कलंडलेल्या चेहऱ्याने उभे आहेत, मालक दारात भिंतीला टेकलेत, आणि मी, माझं डोकं कसं चालतं बघा, म्हणालो, "माफ कीजिए, पर एक तरफ बारह सौ पीस हैं, दूसरी तरफ आपका एक सिर. गलती किसकी होगी?"

मालकांनी डोळे मिटले.

"मेरा सिर टेढ़ा है?" व्यापारी आता इतक्या हळू बोलले की ओरडणं बरं होतं. "तो सेठजी को पहनाओ!"

मालकांनी एक गॉगल चढवला. डावं भिंग भुवईवर. मास्टरजींनी चढवला. भुवईवर. बफिंगवाल्याने, पिंपवाल्याने, व्यापाऱ्यांच्या ड्रायव्हरने, चहावाल्याने, सगळ्यांनी एकेक चढवला. चौदा माणसं ओळीने माझ्यासमोर, आणि चौदाही जणांची डावी भुवई झाकलेली, उजवी उघडी आणि वर चढलेली. सगळा हॉल एका भुवईने मला काहीतरी विचारत होता.

"ताज्जुब है," मी म्हणालो. "पूरे लखनऊ में एक भी सीधा आदमी नहीं?"

तेव्हा खाला उठल्या. पदर सारखा केला. माझ्याकडे न बघता, समोरच्या डब्यांकडे बघत म्हणाल्या, "खता माफ हो. साहब के बाएँ कान में जरा-सी अदा है."

तो शब्द हॉलमध्ये अत्तरासारखा पसरला. मी आरशापुढे गेलो. पॅकिंगच्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून दोन्ही कानांच्या टोकांना आडवी धरली. पट्टी डावीकडे उतरली, घसरगुंडीसारखी. चव्वेचाळीस वर्षं मी हे तोंड वापरतोय. दाढी केली, फोटो काढले, लग्न केलं. मला कधी दिसलं नाही. धुडाच्या आत केसाएवढी चीर असली तर मला बाहेरून ऐकू यायची, आणि ज्या कानाने ऐकू यायची तोच खाली!

"मास्टरजी, आपको पता था?"

"पहले दिन से, हुजूर."

"तो बोले क्यों नहीं?"

मास्टरजींना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "आपके कान की बात आपके ही कान में कैसे कहते?"

"और हमने तो पूछा था," खाला डब्यांना म्हणाल्या.

म्हणजे बघा. बाराशे गॉगल. त्यातला एकेक किमान आठ हातांतून गेला. आठही हातांना माहीत होतं की हा वाकडा आहे. पण गॉगल वाकडा आहे म्हणायचं तर साहेबांचा कान वाकडा आहे म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी बेअदबी करायला त्या हॉलमध्ये कुणी तयार नव्हतं. कोल्हापुरात पहिल्या दहा सेकंदांत कुणीतरी ओरडलं असतं, "अरे कान बघ तुझा, कान!" आणि बाराशे गॉगल वाचले असते.

व्यापारी माझ्या कानाकडे बराच वेळ बघत राहिले. राग कुठेतरी अडकला असावा. "परसों, चार बजे," ते म्हणाले. "एक भी टेढ़ा निकला तो सारा माल यहीं रहेगा."

मालकांनी मला केबिनमध्ये नेलं. चहा मागवला. बिस्किटं मागवली. मग म्हणाले, "छह महीने आपने हमें आजमाया. परसों तक फैसला कर लीजिए कि हम आपके काबिल हैं या नहीं." एव्हाना मला ही भाषा येऊ लागली होती. याचं मराठी असं: परवा चुकलं तर घरी बसा. बाल्कनी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि गार्ड, आणि बागेतलं ते 'अच्छा, अच्छा'.

बाराशे डाव्या डंड्या सरळ करायच्या तर पाट हवा. काचवाला म्हणाला, एवढी जाड काच घासून द्यायला चार दिवस. मी घरी गेलो आणि हॉलमधल्या टीपॉयची काच उचलली. बोटभर जाड, बायकोच्या मामांनी लग्नात दिलेली; चौदा वर्षांत तिच्यावर कपाचा डागसुद्धा पडू दिलेला नाही. रजईत गुंडाळत होतो तेवढ्यात ती ऑफिसातून आली.

"काच कुठे निघाली?"

"कारखान्यात. टेस्टिंगला."

"टेस्टिंग काचेचं की गॉगलचं?"

"दोन्ही."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे म्हणजे जरा डावीकडे. मग आत जाऊन स्वतःची बुडबुड्याची लेव्हलपट्टी घेऊन आली. "आधी खालचं टेबल लेव्हल कर. चार बाजूंनी बघ, नुसतं मधे ठेवून बघू नकोस. आणि ओरखडा आला तर मामाला तू सांगायचंस."

सकाळी रजईतली काच मांडीवर आडवी घेऊन मी ई-रिक्षात बसलो. जूनचं ऊन, आणि मी रजईला दोन्ही हातांनी कवटाळलेलं. ड्रायव्हर प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, "भैया, मरीज की हालत कैसी है?" मी म्हणालो, "कल शाम चार बजे पता चलेगा." त्याने उरलेला रस्ता हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

पुढचे दोन दिवस त्या हॉलमध्ये जे काम झालं ते बघायला माझे जुने ओतकामवाले असते तर त्यांनी हातोड्या खाली ठेवल्या असत्या. डब्या उघडायच्या, गॉगल काढायचा, डावी डंडी तापवायची. मास्टरजी आणि दोघे जोडीदार वाकवणार, मग पाट. पाटापाशी मी, गुडघ्यांवर, डोळा काचेच्या पातळीला लावून, उजव्या हाताच्या बोटाने दाबत. टकटक. परत. टकटक. परत. गप्प. पुढे! आच लागून जिथे चमक गेली तिथे पुन्हा बफिंग. मग पाण्याच्या थरथरत्या टाकीत आंघोळ, फडकं, आणि खालांकडे. दर दहावा गॉगल त्या स्वतःच्या साहुल चेहऱ्यावर चढवून बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "जी." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या बोटाचा ठसा पुसला गेला होता. आजही बँकेच्या मशीनवर ते बोट ठेवलं की मशीन मला ओळखत नाही. तुम्ही विश्वास ठेवा अगर नका ठेवू, मशीन तरी ठेवत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी एकदा मी पास म्हणून गॉगल पुढे सरकवला, आणि मास्टरजी घसा खाकरून, जमिनीकडे बघत म्हणाले, "हुजूर, गुस्ताखी माफ... ये टेढ़ा है." सगळ्यांचे हात थांबले. मी पुन्हा दाबून पाहिलं. टकटक.

"शाबाश!" मी असा ओरडलो की खालांच्या हातून डबी पडली. त्यानंतर मात्र लोकांना चव लागली. साहब, ये टेढ़ा. साहब, वो भी. संध्याकाळपर्यंत पिंपवाला लांबून येऊन सांगून जायला लागला, ज्याचा या कामाशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला बाराशेवा पाटावरून उठला. खिळ्यावर लाल दोऱ्याचा नमुना तेवढा राहिला. "इसे भी सीधा कर दो," मी म्हणालो.

मास्टरजींनी तो खिळ्यावरून काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या खिशात घातला. "इसे रहने दीजिए. पूरे शहर में ये एक ही आदमी को आएगा."

चारला व्यापारी आले. खोकं उघडलं. गॉगल चढवला, आरशात पाहिलं, खाली ठेवला. दुसरा. तिसरा. "सीधा," ते पुटपुटले. "सीधा. सीधा." ओरडायची सवय असलेल्या माणसाला हे किती जड जातं ते त्यांच्या मानेवर दिसत होतं. चाळीस गॉगल झाल्यावर ते वळले आणि एक माझ्या हातात दिला. "अब आप लगाइए."

मी लावला. डावं भिंग थेट गालावर उतरलं. आरशात एक कोल्हापुरी गृहस्थ एका बाजूला कलंडून उभे होते. चौदा माणसं अत्यंत अदबीने छताकडे, जमिनीकडे आणि पंख्याकडे बघायला लागली.

व्यापाऱ्यांनी मला नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हाँ. अब माल ठीक है."

मालकांनी त्याच संध्याकाळी पत्र हातात ठेवलं. नोकरी कायम. "आपने हमें कबूल किया, शुक्रिया," ते म्हणाले. मी म्हणालो, काही हरकत नाही.

परतताना मी नमुन्याचा गॉगल लावला होता, लाल दोऱ्यासकट, आणि मांडीवर रजई. गेटवर गार्डने हात कपाळाला नेला. तो सलाम होता की उन्हाची तिरीप होती, यावर मतभेद होऊ शकतात. आधार कार्ड मागितलं नाही, एवढं मात्र खरं.

बायको हॉलमध्ये भेंडी चिरत बसली होती. मी काच टीपॉयवर जागच्या जागी ठेवली, मधोमध उभा राहिलो आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. मग सगळी हकीकत सांगितली. व्यापारी, चौदा भुवया, खाला, मास्टरजी. त्यातलं तीन चतुर्थांश खरं होतं. ती पत्राकडे बघून हसली, खरोखर हसली, आणि मग काचेवर वाकून बोटाने ओरखडे शोधायला लागली.

"एक सांग," मी गॉगल काढून तिच्यासमोर बसलो. "चौदा वर्षं झाली आपल्या लग्नाला. माझा डावा कान खाली आहे, हे तुला कधीच दिसलं नाही?"

"दिसलं की," ती म्हणाली. "चार मिलिमीटर."